मशागत आणि राखण : ख्रिस्ती श्रद्धा, भूमी आणि देवनारचा प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे ख्रिस्ती श्रद्धा आणि निसर्गाची राखण. हा विषय जाहीर झाला की दोन प्रकारचे श्रोते मनातल्या मनात उठून जातात. एकांना वाटतं, आता प्रवचन होणार. दुसऱ्यांना वाटतं, निसर्गावर माणसाची सत्ता सांगणारा हा धर्म, त्याचा आणि पर्यावरणाचा काय संबंध? दोघांनाही विनंती, की थोडा वेळ बसावं. आपण आज प्रवचनाकडे जाणार नाही, इतिहासाकडे जाणार आहोत. आणि तोही रोमचा कमी, आपल्या मुंबई-वसई-नगरचा जास्त.

आपण देवनारमध्ये बोलतो आहोत, तेव्हा सुरुवात इथूनच करू.

प्लेगचे क्रूस आणि शहराचा कचरा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या आजाराने शहराच्या नकाशावर दोन प्रकारच्या खुणा ठेवल्या. पहिली खूण मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत आजही दिसते. साथीपासून रक्षण व्हावं म्हणून लोकांनी गल्लीच्या तोंडाशी, घरासमोर, चौकात क्रूस उभारले. अनेकांवर त्या वर्षांचे आकडे कोरलेले आहेत. दुसरी खूण राज्यकारभाराची. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले, आणि शहर स्वच्छ करायचं म्हणजे घाण शहराबाहेर न्यायची, हे समीकरण पक्कं झालं. बाहेर म्हणजे कुठे? पूर्वेला, खाडीकडे, चेंबूर-देवनारच्या दलदलीकडे. १९२७ पासून देवनारची कचराभूमी वापरात आहे. सुमारे १३२ हेक्टर जागा, आणि त्यावर जवळजवळ शंभर वर्षांचं शहर साठलेलं.

आता या दोन खुणा शेजारी ठेवून पाहा. क्रूस उभारणारा माणूस म्हणत होता, देवा, आमच्या गल्लीचं रक्षण कर. कचरा हलवणारं शहर म्हणत होतं, आमची गल्ली साफ झाली, पुढचं पुढे. दोघांच्याही मनात 'आमची गल्ली' होती. देवनार त्या गल्लीत नव्हतं. हे लक्षात ठेवू या, कारण आजच्या सगळ्या बोलण्याचा धागा हाच आहे : राखण करायची ती कशाची, आणि कुठपर्यंत?

आरोप

१९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराचा एक छोटा निबंध छापून आला. मध्ययुगातल्या तंत्रज्ञानाचा तो अभ्यासक. त्याचं म्हणणं असं, की आजच्या पर्यावरण-संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. झाडात, ओढ्यात, डोंगरात देवता आहे असं मानणारा माणूस कुऱ्हाड उचलताना आधी थांबत होता. ख्रिस्ती धर्माने त्या देवता काढून टाकल्या, निसर्ग नुसती वस्तू झाला, आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या 'सत्ता चालवा' या आज्ञेने माणसाला मोकळं रान मिळालं.

आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा निबंध शिकवत होतो तेव्हा विद्यार्थी दोन टोकांना जायचे. कुणी तो धर्मावरचा हल्ला समजायचं, कुणी अंतिम निकाल. दोन्ही चूक. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता, आणि निबंधाच्या शेवटी त्याने असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा संरक्षक संत मानावं असं सुचवलं. पुढे १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तसं जाहीरही केलं. म्हणजे हा आरोप घरातूनच आला होता, आणि घराने तो काही अंशी ऐकला.

तरी एक प्रश्न उरतो. देवता मानल्या म्हणून नद्या वाचतात का? आपल्याकडे नदीला आई म्हणतात आणि तिच्यातच गटार सोडतात. मिठी नदी हे त्याचं उदाहरण, ती इथून लांब नाही. तेव्हा श्रद्धेतून आचरण थेट गळून पडत नाही, हे दोन्हीकडे खरं आहे. मध्ये काहीतरी लागतं. ते काय, हे शोधायचं आहे.

दोन शब्द

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सत्ता आहे, हे खरं. पण लगेच दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ते एका कामासाठी. हिब्रूत तिथे दोन क्रियापदं आहेत, 'आबाद' आणि 'शामार'. पहिल्याचा अर्थ कसणं, आणि सेवा करणंही. दुसऱ्याचा अर्थ सांभाळणं, पहारा ठेवणं. मराठी बायबलमध्ये यासाठी 'मशागत' आणि 'राखण' असे शब्द येतात. हे शब्द आपल्या शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत. मशागत म्हणजे नांगरट, कुळवणी, तण काढणं. राखण म्हणजे माळ्यावर बसून रात्र जागवणं. मालक पुण्या-मुंबईला असू शकतो, पण राखणदाराला शेतातच असावं लागतं. राखण दुरून होत नाही.

याच ग्रंथात, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीबद्दल एक कायदा आहे. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिलाही विसावा. पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. कारण काय? तर जमीन देवाची आहे आणि माणसं तिच्यावर पाहुण्यासारखी राहतात. आपल्या भाषेत सांगायचं तर माणूस हा कूळ आहे. महाराष्ट्राच्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला मालक व्हायची वाट मोकळी केली, आणि ते न्यायाचंच झालं. लेवीयाचं पुस्तक उलट्या बाजूने येतं : मालका, तूही शेवटी कूळच आहेस. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. पहिली माणसामाणसातल्या न्यायाबद्दल आहे, दुसरी माणसाच्या मर्यादेबद्दल.

प्रेम आणि राखण

मराठी ख्रिस्ती परंपरेत निसर्ग पहिल्यापासून आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त सृष्टीच्या निर्मितीची कथा मराठी ओवीत आणली. एका इंग्रज जेजुइटाने गोव्यात बसून बायबलमधली बाग आपल्या भाषेच्या मातीत लावली, हे लहान काम नव्हे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तर लोक फुलामुलांचे कवी म्हणूनच ओळखतात. आणि ज्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत त्यांनी सण केले. मुंबई आणि साष्टीतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणायच्या, आशीर्वाद घ्यायचा, मग नवं धान्य घरात. भूमीचे आभार मानणारी ही कोकणातल्या शेतकऱ्याची जुनी रीत आहे. धर्म बदलला तरी भात तेच राहिलं.

पण आज मुंबईच्या कितीतरी गावठाणांत आगेरा होतो आणि भोवती एकही शेत नसतं. लोंब्या कुठून तरी आणाव्या लागतात. सण टिकला, शेत गेलं. इथे आपल्याला एक फरक दिसतो. निसर्गावरचं प्रेम वेगळं आणि राखण वेगळी. प्रेमाला आठवण पुरते. राखणीला जागा लागते, अंगमेहनत लागते, आणि कधीकधी भांडण लागतं.

वसई : विहिरीतलं मीठ

भांडणाचं उदाहरण वसईचं. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथला मोठा शेतकरी समाज ख्रिस्ती झाला, पण त्याची वाडी, विहीर, रहाट, बोली, सगळं इथलंच राहिलं. केळीच्या बागा, नागवेलीचे मांडव, फुलं, भाजी, दूध. मुंबईच्या दारात सकाळी उभा राहणारा 'वसईवाला' तो हाच.

या शेतीचा जीव गोड्या पाण्यात होता. समुद्रकाठच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाचं पाणी मुरतं, तो थर जाड राहतो. उपसा वाढला की थर पातळ होतो, खालून-बाजूने खारं पाणी वर सरकतं, आणि एकदा विहीर खारट झाली की ती सहजासहजी परत येत नाही. जुन्या वसईकरांना हे शास्त्राच्या भाषेत सांगता आलं नसतं, पण ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वाड्यांतून 'बावखलं' खोदली. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं छोटं तळं. शेताला पाणी, गुरांना पाणी, आणि भोवतालच्या विहिरींना मुरवण.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारचा मोठा हरित पट्टा बांधकामासाठी खुला झाला. मुंबईत घर न परवडणारी माणसं लोकलच्या वाटेने उत्तरेला सरकत होती, इमारती उठत होत्या, आणि त्या इमारतींना नळाचं पाणी नव्हतं. मग टँकर आले. बागांच्या विहिरींतून पाणी उपसून ते विकलं जाऊ लागलं. याच्या विरोधात जी चळवळ उभी राहिली ती हरित वसई संरक्षण समितीची, आणि तिचा चेहरा होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

नंदाखालच्या शेतकरी घरात १९४२ साली जन्मलेला हा माणूस. 'सुवार्ता' मासिकाचा दीर्घकाळ संपादक, 'सुबोध बायबल'चा कर्ता, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. पण वसईत लोकांना ते आठवतात ते टँकरवाले, बिल्डर आणि त्यांच्या पाठीमागची गुंडगिरी यांच्यासमोर लोकांना घेऊन उभे राहिलेले म्हणून. त्या काळात वसईत जमिनीसाठी खून पडत होते. अशा वेळी धर्मगुरूने रस्त्यावर यावं का, असा प्रश्न चर्चच्या आतूनही विचारला गेला. त्यांच्या कृतीतून मिळालेलं उत्तर साधं होतं : विहीर खारट होत असताना वेदीवर पाणी आशीर्वादित करून भागत नाही.

इथे गौरवगाथा सांगून थांबलो तर इतिहासाशी अप्रामाणिक होऊ. दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, जमीन विकणाऱ्यांत आणि विहिरीचं पाणी विकणाऱ्यांत स्थानिक लोकही होते, ख्रिस्तीही होते. त्यांना दुष्ट म्हणायचं कारण नाही. बागेत राबून मिळणारा पैसा आणि गुंठ्याचा भाव यांत केवढं अंतर पडलं होतं ते पाहा, म्हणजे मोह कळेल. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. टँकरचं पाणी जात कुठे होतं? मुंबईने बाहेर ढकललेल्या कष्टकऱ्यांच्या इमारतींत आणि चाळींत. त्यांनाही तहान होती. तेव्हा 'हरित वसई' म्हणजे आपली बाग वाचवणं एवढंच असेल, तर तो 'आमची गल्ली'चाच दुसरा अवतार होईल. चळवळीच्या बाजूने सांगता येतं ते असं, की विहिरी आटवून नवागतांचीही तहान भागणार नव्हती. बिल्डरने घर विकायचं आणि पाण्याची सोय कुणीच करायची नाही, हा व्यवहार दोघांनाही फसवणारा होता. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होतं. भराव टाकून पाणथळ जागा बुजल्या की पाणी जायचं कुठे? त्या दिवसांत पाणी जुन्या आणि नव्या वसईकराच्या घरात सारखंच शिरलं.

नगर : पाणी अडवणारा परदेशी

दुसरं उदाहरण दुष्काळी भागातलं. फादर हरमन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेजुइट. १९४८ साली तरुणपणी भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची कितीतरी दशकं अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर परिसरात काढली. सुरुवातीला त्यांनी दुष्काळी कामं, विहिरी, पतपुरवठा असं सगळं करून पाहिलं. मग ध्यानात आलं की विहीर खोल करत जाण्यात अर्थ नाही, डोंगरमाथ्यावर पाणी मुरवलं तरच खाली विहिरीला पाणी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, समतल चर, बांध, झाडं, गवत, म्हणजे ज्याला आपण आज सहज 'पाणलोट विकास' म्हणतो. यातून १९९० च्या दशकात नाबार्डबरोबर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्या कामाचं गाजलेलं गाव.

आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या. एक, हे काम ज्या गावांत झालं तिथे ख्रिस्ती माणसं बहुधा नव्हतीच. श्रद्धा काम करणाऱ्याची होती, पाणी सगळ्यांचं होतं. दोन, पैसा शेवटी येत होता. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची. म्हणजे राखणीची सुरुवात स्वतःवर घातलेल्या बंधनापासून. लेवीयाच्या सातव्या वर्षाचीच ही दुसरी तऱ्हा म्हणा ना. आणि तीन, चराईबंदीचा भार सारखा पडत नाही. ज्याला बागायत आहे त्याला माथ्यावर गुरं नेली नाहीत तरी चालतं. मेंढरंवाल्याचं, भूमिहीनाचं पोट त्या माथ्यावरच असतं. जिथे गावाने त्यांच्या चाऱ्याचा, मजुरीचा विचार केला तिथेच बंधन टिकायची आशा. जिथे नाही केला, तिथे ते नुसता हुकूम होतं. बाखर २०२१ मध्ये गेले. पण त्यांनी मागे ठेवलेला धडा एवढाच, की निसर्गाचा प्रश्न गावातल्या न्यायाच्या प्रश्नाला वळसा घालून सुटत नाही.

पुन्हा देवनार

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झालं. त्याचं नाव संत फ्रान्सिसच्या सृष्टिस्तोत्रातून घेतलेलं. त्यात उत्पत्तीमधल्या सत्तेचा अर्थ मशागत आणि राखण यांच्यासोबत लावायचा, हे स्पष्ट मांडलं आहे. व्हाइटच्या आरोपाला दिलेलं ते उशिराचं उत्तर आहे. पण आमच्या मते त्याचा खरा नेम वेगळा आहे. ते सुरुवातीलाच हात घालतं कचऱ्याला, आणि वापरून फेकून देण्याच्या वृत्तीला. वस्तू फेकणारा समाज माणसंही फेकतो, असा त्याचा रोख. भूमीचं रडणं आणि गरिबाचं रडणं वेगळं ऐकू येत नाही.

हे वाक्य कुठे तपासून पाहायचं असेल तर ती जागा हीच. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डोंगराला आग लागली. धूर इतका, की उपग्रहाच्या चित्रात दिसला, आणि महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शहर काही दिवस खोकलं, आणि विसरलं. त्या डोंगराच्या पायथ्याशी जी माणसं प्लास्टिक, काच, पत्रा वेचून जगतात त्यांच्यासाठी धूर ही बातमी नव्हती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. वसईच्या बागेची राखण करायला तिथला शेतकरी होता, बाखरांच्या गावाला माथा होता. देवनारच्या कचऱ्याचा मालक कोण? तो तर आपण सगळे. आणि राखणदार? ज्याला आपण कचरावेचक म्हणतो तो. शहराने फेकलेलं तो पुन्हा वापरात आणतो. मशागत आणि राखण हे दोन्ही शब्द अख्ख्या मुंबईत कुणाला लागू पडत असतील तर त्याला.

देवनारमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख करून थांबू. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९२० च्या दशकात मुंबईत आले. त्यांनी प्रवचनापेक्षा नागपाड्याच्या वस्तीत काम करणं पसंत केलं, तिथे नेबरहूड हाउस काढलं. त्याच अनुभवातून १९३६ साली टाटा ट्रस्टच्या आधाराने समाजकार्याची शाळा सुरू झाली, आणि तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून १९५४ मध्ये देवनारला आली. मॅनशार्टांनी त्या संस्थेला धर्मप्रचाराचं साधन केलं नाही. त्यांचा प्रश्न होता, शेजारी कोण? येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी आठवा. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला शेजाऱ्याची व्याख्या हवी असते, म्हणजे हद्द आखता येईल. दाखला हद्द आखत नाही, पुसतो.

आता देवनारच्या कचराभूमीतला काही भाग धारावीच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरलं आहे, आणि साठलेला कचरा उपसून जागा मोकळी करण्याची योजना आहे. जागा स्वच्छ झाली तर कुणाला नको आहे? पण आपण आज तीन उदाहरणं पाहिली, त्यांवरून तीन प्रश्न विचारता येतात. हा डोंगर हलून जाणार कुठे, म्हणजे कुणाच्या गल्लीत? त्या जमिनीवर ज्यांना वसवायचं, त्यांच्या पायाखाली आणि श्वासात काय असणार? आणि वेचून जगणाऱ्यांचं पोट कशावर चालणार? हे प्रश्न विचारायला ख्रिस्ती असावं लागत नाही. पण जो स्वतःला ख्रिस्ती म्हणवतो, सृष्टी देवाची मानतो, त्याला ते टाळता येत नाहीत. पोपच्या परिपत्रकावर अभ्यासवर्ग घेणं, चर्चच्या आवारात झाडं लावणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, हे मुंबईच्या कितीतरी पॅरिशांत होतं, आणि व्हायलाच हवं. पण त्याला आम्ही मशागत म्हणू. राखण अजून बाकी आहे. राखण म्हणजे आपल्या बादलीतून गेलेली पिशवी कुठे जाऊन पडते तिथपर्यंत आपली गल्ली मानणं.

प्लेगच्या काळात क्रूस उभारणाऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी प्रार्थना केली, ती खरीच होती. गल्ली तेवढी लांब झाली पाहिजे. घाटकोपर-मुलुंडपासून देवनारपर्यंत, आणि देवनारहून पुढे जिथे हा कचरा जाईल तिथपर्यंत.